मातीची भिंत आणि अभियंत्याची सही

दोन फळ्यांमध्ये ओलसर माती थराथराने टाकायची आणि धुम्मसाने ठोकून भिंत उभी करायची, ही जुनी रीत आता वास्तुविशारदांच्या पुन्हा आवडीची झाली आहे. परवानगीच्या टेबलावर मात्र अशा भिंतीची फाइल अडखळते आणि सगळे खापर अधिकाऱ्यावर फुटते. ते मला पटत नाही. घर पडले तर चौकशी सही करणाऱ्याची होते, आणि मातीचे घर म्हटले की मराठी मुलखातल्या अभियंत्याला ३० सप्टेंबर १९९३ आठवणारच. किल्लारी परिसरात त्या पहाटे भूकंपात हजारो माणसे स्वतःच्याच घराखाली गाडली गेली. तेव्हा सही करताना हात आखडला तर नवल नाही. विचारायचे ते एवढेच, की नकार मातीला आहे की बांधणीला?

किल्लारीतली बहुतेक घरे दगडाची होती. जाड भिंतीचे आतबाहेर दोन पदर, मध्ये दगडगोटे आणि चिखलाचा भरणा, दोन्ही पदर सांधणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर माळवदाचा मणामणांचा बोजा. पदर फाकले, माळवद खाली आले. म्हणून कुटलेली माती आपोआप सुरक्षित ठरते असे नाही. दाब ती चांगला पेलते, ताण आला की तडकते. पण तिच्या मर्यादा कागदावर आहेत. त्याच १९९३ साली आलेले भारतीय मानक १३८२७ मातीच्या घरांना भूकंपात तगवण्यासाठीच आहे: भिंतीची उंची जाडीच्या आठपटीहून जास्त नको, दारे-खिडक्या १.२ मीटरपेक्षा रुंद नकोत, भिंतींना बांधून ठेवणारे आडवे पट्टे हवेत. सिमेंट मिसळलेल्या मातीच्या भिंती जागेवर कशा उभाराव्यात यासाठी मानक २११० आहे, त्याची सुधारित आवृत्तीही १९८०ची. राष्ट्रीय बांधकाम संहिताही पर्यायी साहित्याला दार बंद करत नाही. प्राधिकरणाची खात्री पटली पाहिजे, एवढेच म्हणते.

ही खात्री कशी पटवायची, इथे घोडे अडते. काँक्रीटचा ठोकळा २८ दिवसांनी यंत्राखाली दाबला की आकडा मिळतो आणि अधिकारी निर्धास्त होतो. मातीचे तसे नाही. एका खाणीतला मुरूम उत्तम, दुसऱ्या खाणीतला निकामी. काळी माती तर पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. म्हणून चाचणी प्रत्येक बांधकामाची वेगळी हवी. बाटलीत माती-पाणी हलवून ठेवले की वाळू, गाळ, चिकणमाती यांचे थर दिसतात. मुठीत दाबलेला गोळा छातीच्या उंचीवरून टाकला आणि त्याचा चिखलासारखा चपटा थापा झाला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. हे झाले कामावरचे. सहीसाठी त्याच मातीचे नमुने प्रयोगशाळेत भिजवून दाबले पाहिजेत, कारण कोरड्या भिंतीचा आकडा पावसाळ्यात उपयोगाचा नाही. मातीच्या पुरस्कर्त्यांनी इथे टाळाटाळ करू नये. पणजोबांचा वाडा अजून उभा आहे, हा पुरावा नव्हे; पडलेले वाडे मोजायला कोण गेले? पांढऱ्या मातीच्या गढ्या गावोगाव ढासळताना दिसतातच.

कोकणातल्या पावसात ही भिंत टिकेल का, हा आक्षेप रास्त आहे. दगडी जोते आणि रुंद पागोळी नसतील तर टिकणार नाही, आणि असा नकाशा अधिकाऱ्याने खुशाल परत पाठवावा. दुसरा आक्षेप सिमेंटचा: पाच ते दहा टक्के सिमेंट घातल्यावर पर्यावरणाचा डांगोरा कशाला? तोही निम्मा खरा आहे. जिथे पाऊस कमी आणि छप्पर चांगले, तिथे विनासिमेंटची भिंतही चालू शकते. पण तिचे नमुने आणखी कडकपणे तपासावे लागतील.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. बंगलेवाला तज्ज्ञ नेमेल, चाचण्या करून घेईल. दोन खोल्यांचे घर बांधणाऱ्या शेतकऱ्याला हे परवडणार नाही, म्हणून तो मुकाट्याने विटा आणतो. जिल्ह्याजिल्ह्यातल्या शासकीय तंत्रनिकेतनांमध्ये नमुने दाबण्याची यंत्रे असतात. तिथला माफक शुल्काचा अहवाल आणि मानकांतल्या मर्यादांचा एक पानी तक्ता परवानगीसाठी ग्राह्य धरावा, असा आदेश शासनाने काढला तर अभियंत्याला सहीखाली जोडायला कागद मिळेल, आणि नकार द्यायचा झाला तर तक्त्यातली कोणती ओळ मोडली हेही लिहून द्यावे लागेल.