पैसा अनेकांचा, पण मत कोणाचे?

पिंपळगाव बसवंत येथील द्राक्षबागाईतदार असो की निवृत्त शिक्षक, 'एका सभासदास एक मत' हे तत्त्व त्यास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने, पदरी भाग एक असो की शंभर, मत एकच ठेवले. त्यामुळे गटबाजी संपली असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. तथापि बिघडलेला कारभार मतपेटीतून उलथून टाकण्याची वाट त्यात आहे, हे मान्यच करावे लागेल. आता याच वर्गाची बचत पायाभूत गुंतवणूक न्यासांकडे, म्हणजे 'इन्व्हिट'कडे वळू लागली आहे. तेथे ही वाट आहे काय?

2017 मध्ये शेअरबाजारात आलेल्या इंडिया ग्रिड ट्रस्टचे उदाहरण घ्यावे. 'भोपाळ-धुळे' ही वीज पारेषण कंपनी, जिचे एक उपकेंद्र आपल्याच नाशिक विभागात धुळ्यास आहे, ती या न्यासाच्या पहिल्या मालमत्तांपैकी होय. युनिट घेणारास वाटते की आपण या वाहिन्यांचे अंशतः धनी झालो. उत्पन्नापुरते ते खरे. परंतु कारभार पाहते ती गुंतवणूक व्यवस्थापक कंपनी, आणि तिच्या संचालकांची निवड करतात ते तिचे स्वतःचे भागधारक. 2019 मध्ये केकेआर या अमेरिकन वित्तसंस्थेने न्यासात पैसा घातला, तेव्हा व्यवस्थापक कंपनीतील बहुसंख्य वाटाही घेण्याचे ठरविले. 2020 मध्ये युनिटधारकांच्या संमतीने तिच्या गटातील संस्था प्रायोजकही झाली. यात बेकायदा काहीही नव्हते. जाणत्या गुंतवणूकदाराने युनिटांबरोबर किल्लीही घेतली, एवढाच याचा बोध.

ही रचना अमेरिकेतील ऊर्जा-भागीदाऱ्यांच्या जवळची आहे. तेथे प्रमुख भागीदार सत्ता राखतो आणि सामान्य युनिटधारक लाभांशावर समाधान मानतो. 2018 मध्ये बोर्डवॉक या वायुवाहिन्यांच्या भागीदारीतील उरलेली युनिटे, करारातील एका कलमाच्या आधारे, तिची चालक लोज कंपनी हिने सक्तीने खरेदी केली. युनिटधारक न्यायालयात गेले. 2022 मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला तो चालकांच्या बाजूने.

आपले नियम याहून सुज्ञ आहेत, हे सांगणे न्याय्य होय. वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान 90 टक्के रक्कम वाटावीच लागते. ज्या व्यवहारात ज्याचा हितसंबंध, त्याचे मत त्या व्यवहारावर मोजले जात नाही. दहा टक्के युनिटे असणारांस, एकट्याने वा मिळून, व्यवस्थापकाच्या संचालक मंडळावर एक प्रतिनिधी सुचविण्याचा अधिकार 2023 मध्ये मिळाला. पण गावोगाव विखुरलेले हजारो लहान धारक हे दहा टक्के एकत्र करणार कसे? प्रवेशाची किमान रक्कम 1 लाखावरून 2021 मध्ये 10 ते 15 हजारांवर आली. दार लहानांसाठी उघडले. सभेतील आसन मात्र मोठ्यांच्याच आवाक्यात राहिले.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: केवळ लहान युनिटधारकांनी निवडलेला एक संचालक कायद्यानेच बंधनकारक करावा. आणि वाचकांस विनंती एवढीच, की वाटप किती मिळणार हे विचारण्यापूर्वी व्यवस्थापक कंपनी कोणाची, हे विचारावे. आणि मतदानाची सूचना आली की ती बाजूस न सारता मत द्यावे. हितसंबंधीयांस जेथे मत नाही, तेथे इतरांनी मौन पाळले तर कायद्याने दिलेले संरक्षण कागदावरच राहील.