वाघ दिसला का?

माणसाने जन्मात एकदा तरी जंगलात जाऊन वाघ पाहावा, असे सांगत फिरणाऱ्या सद्गृहस्थांशी माझे भांडण आहे. वाघाशी नाही. वाघाने माझे काही वाकडे केलेले नाही. दर्शनसुद्धा दिलेले नाही.

त्याचे असे झाले. निवृत्तीनंतर एका सकाळी आमची ही म्हणाली, "अहो, जन्मभर पोरांना भूगोल शिकवलात. मला मात्र मलकापूर स्टेशनच्या पुढचं जग दाखवलं नाहीत." आरोप बिनतोड होता. दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि मोरावळ्याची बरणी एवढा शिधा घेऊन आम्ही दोघे आमच्या जुन्या चारचाकीतून धामणगाव बढेहून निघालो. अमरावती, चिखलदरा, सेमाडोह, नागपूर, पेंच, नवेगाव, ताडोबा, चंद्रपूर, यवतमाळ आणि घर. अकरा दिवस आणि सुमारे चौदाशे किलोमीटर.

काय पाहिले म्हणता? चिखलदऱ्याला कॉफीची झाडे पाहिली. विदर्भात कॉफी पिकते हे मी तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. झाडाला हात पहिल्यांदा लावला. मेळघाट हे व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांतले एक. तिथे एक गवा आमच्याकडे असा पाहत उभा राहिला, की मला आमच्या जुन्या हेडमास्तरांची आठवण झाली. नागपुरात तर्रीपोहे खाऊन हिच्या डोळ्यांतून पाणी आले आणि तिने दुसरी प्लेट मागवली. मारुती चितमपल्लींमुळे घरोघरी पोचलेले नवेगावचे तळे पाहिले. काठावर आम्ही तासभर काही न बोलता बसलो. छत्तीस वर्षांच्या संसारातला हा विक्रम आहे.

परत आलो. गाडीतून उतरतो न उतरतो तोच पारावरून हाक आली, "काय गुरुजी, दिसला का वाघ?"

"नाही."

"मंग पैसे पान्यात गेले की!"

झाले! गवा, कॉफी, तळे, तर्री, सगळे एका 'मंग'मध्ये वाहून गेले. मुलाचा पुण्याहून फोन आला : "बाबा, वाघ दिसला का?" आमचे व्याही तर तिकिटाचे पैसे परत मिळतात का, याची चौकशी करत होते. जणू वाघाने आमच्याकडून आगाऊ रक्कम घेऊन पोबारा केला होता!

या एका प्रश्नाने माझ्या मते जंगलांचे वाटोळे चालवले आहे. 'दिसला का' म्हणून दाखवायचा, आणि दाखवायचा म्हणून घेरायचा. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आपली पाच बछडी घेऊन चालली होती. पर्यटकांच्या गाड्यांनी पुढून-मागून तिची वाट अडवली. प्रकरणाची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला आपणहून घ्यावी लागली. पाच पोरे घेऊन निघालेल्या बाईची वाट आपण एस. टी. स्टँडवरही अडवत नाही हो!

आता खरी गंमत ऐका. आम्ही वाघ शोधत चौदाशे किलोमीटर हिंडलो. आणि 2019 साली एक वाघ तेराशे किलोमीटर चालत आमच्याच जिल्ह्यात आला होता! यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला हा तरणा गडी. गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणून त्याचा सगळा हिशेब लागला. हद्द आणि जोडीदारीण शोधायला निघाला. महाराष्ट्र झाला, तेलंगणात डोकावून आला. शेते, नाले, हमरस्ते ओलांडत पाच महिन्यांनी डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. टी-वन-सी-वन म्हणे; पुढे लोकांनी नाव ठेवले 'वॉकर'. एवढ्या वाटचालीत एका माणसाला किरकोळ दुखापत झाली, तीही तो झुडपात विसावला असताना मंडळी आत शिरली म्हणून. तेराशे किलोमीटरमध्ये माझी स्वतःची तीन ठिकाणी हमरीतुमरी झाली होती.

आणि ज्ञानगंगेत येऊन पाहतो तो काय? दोनशे पाच चौरस किलोमीटर जंगल, आणि वाघीण एकही नाही. तिथे वाघीण आणावी का, यावर चर्चाही झाली. मुलीचा पत्ता नसलेल्या गावी मुलगी पाहायला जाण्याचा प्रसंग माझ्यावरही एकदा आला होता. पण मी एस. टी.ने गेलो होतो, आणि मला परतीची गाडी होती.

म्हणून म्हणतो, प्रश्न 'वाघ दिसला का' हा नाहीच. 'वाघाला वाट दिसली का' हा आहे. आपण वाघासाठी कुंपणाएवढे जंगल राखतो आणि एका जंगलातून दुसऱ्यात जायची वाट मात्र डांबराखाली घालतो. यावर कोणी म्हणेल, मग काय रस्तेच करू नयेत? करा ना! नागपूरहून जबलपूरकडे जाताना पेंचच्या जंगलात रस्ता उचलून घेतला आहे. महाराष्ट्राच्या बाजूला त्याखाली जनावरांसाठी नऊ वाटा ठेवल्या आहेत, त्यांतली एक साडेसातशे मीटर रुंद. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ रीतसर खालून जाताना टिपले गेले आहेत. आम्हीही त्या पुलावरून गेलो. कोण जाणे, आम्ही वरून जात असताना महाराज खालून गेलेही असतील. दिसले नाहीत, यापेक्षा चांगले दर्शन कोणते?

एवढे तावातावाने लिहितो आहे, कारण चोर घरातलाच आहे. सहलीला निघण्याआधी 'जंगलातून जाणारा रस्ता रुंद करून मिळावा' अशा एका अर्जावर मी सुवाच्य अक्षरात सही ठोकली होती. बोथ्याच्या घाटातून खामगावला पंधरा मिनिटे लवकर पोचायचे होते. खामगावला मला काय काम होते, ते आजही आठवत नाही.

परवा तो अर्ज पुन्हा फिरत आला. मी खाली एक ओळ घातली : 'रस्ता करताना खालून जनावरांसाठी वाट ठेवावी.' पार खो खो हसला. "गुरुजी, वाघ का इथं मतदान कराले येनार हाय?"

मी निरुत्तर झालो. तेवढ्यात आमच्या हिने पेन घेतले, माझ्या ओळीखाली सही केली आणि म्हणाली, "मतदानाला नाही, संसार मांडायला येईल. आणि संसार मांडायला निघालेल्याची वाट नाही ठेवली, तर वाट लागते."

आता त्या ओळीखाली दोन सह्या आहेत. तिसरी हवी आहे. वाघ दिसला का, हे विचारायच्या आधी करून जावी.