प्रश्न फोनचा नव्हताच

अमेरिकेतील अनाहाइम शहरात नोव्हेंबर २०१८ मध्ये ब्लिझार्ड या कंपनीचा मेळावा भरला, तेव्हा सभागृहातील चाहते एकाच घोषणेची वाट पाहत होते. संगणकावर वीस वर्षे गाजलेल्या ‘डायब्लो’ या मालिकेचा चौथा भाग जाहीर होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात जाहीर झाला तो ‘डायब्लो इमॉर्टल’. मूळ मालिकेला फुटलेला हा फाटा केवळ मोबाइल फोनसाठी होता. हा अवेळी केलेला ‘एप्रिल फूल’ आहे काय, असे एका चाहत्याने व्यासपीठाकडे पाहून विचारले. संगणकावर हा खेळ येणार नाही हे ऐकून श्रोत्यांनी नाराजी दर्शवली, तेव्हा डिझायनर वायट चेंग यांनी प्रतिप्रश्न केला, ‘तुमच्याकडे फोन नाहीत का?’ हे वाक्य पुढे जगभर कुचेष्टेचा विषय झाले. त्यानंतरच्या सोमवारी कंपनीचा समभाग सुमारे सात टक्क्यांनी घसरला.

हाच प्रश्न बुलडाणा जिल्ह्यात विचारला असता, तर त्यात कोणालाही अपमान वाटला नसता. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार आहे आणि तिचा जेमतेम पाचवा हिस्सा शहरात राहतो. खामगाव, मलकापूर, चिखली यांसारख्या गावांतील मुलांना खेळासाठी वेगळा संगणक घेणे परवडण्याजोगे नाही. शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याकडे लॅपटॉप असला, तरी तो अभ्यासापुरता. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि खेळाचे दार उघडले ते फोनवर. तेव्हा अनाहाइमच्या सभागृहातील संताप हा सर्व खेळाडूंचा संताप नव्हता; ज्यांच्या घरी महागडा संगणक होता, त्यांचा तो होता. खेळ बाजारात आल्यावर कंपनीनेच सांगितले, की त्यात नोंदवलेल्या खात्यांपैकी निम्म्याहून अधिक खाती ब्लिझार्डकडे प्रथमच आलेल्या खेळाडूंची आहेत.

राग कशाचा?

‘डायब्लो’ ज्या प्रकारात मोडतो, त्याला आयसोमेट्रिक कृतिखेळ म्हणतात. गच्चीवरून अंगणाकडे तिरके पाहावे, तसा सारा पट दिसतो. नायक तळघरे, गुहा आणि भुयारे पालथी घालतो, राक्षसांच्या झुंडी मारतो आणि त्यांच्याकडून पडलेली शस्त्रे, रत्ने गोळा करतो. पुढच्या राक्षसाकडून काय पडेल, ही उत्सुकता हा या खेळाचा प्राण. त्यामुळेच तो तासन्‌तास सुटत नाही.

‘डायब्लो इमॉर्टल’ २ जून २०२२ रोजी बहुतांश देशांत दाखल झाला. विशेष म्हणजे, आधीच्या टीकेमुळे म्हणा किंवा व्यापारी हिशेबाने म्हणा, तो मोबाइलबरोबर संगणकावरही देण्यात आला. म्हणजे अनाहाइममधील तक्रार दूर झाली होती. बोटांनी खेळण्याची मांडणी चांगली जमल्याची पावतीही अनेक समीक्षकांनी दिली. तरीही मेटाक्रिटिक या गुणांकन-संकेतस्थळावर खेळाडूंनी या खेळाला, त्यातही त्याच्या संगणकावरील आवृत्तीला, दहापैकी एकाहूनही कमी गुण दिले. फोनविषयीचा राग असता, तर तो येथे शमायला हवा होता.

राग होता तो त्या रत्नांवर लावलेल्या किमतीचा. खेळ फुकट, पण उत्तम रत्न मिळण्याची संधी वाढवायची, तर विशिष्ट मुद्रा विकत घ्यायच्या, त्या एका भुयाराच्या दारात वाहायच्या आणि आत काय निघते ते पाहायचे. बहुतेक वेळा हाती लागे ते सामान्य रत्न. एक पात्र पूर्णत्वास नेण्यास एक लाख डॉलरहून अधिक, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास ८० लाख रुपये लागतील, असा हिशेब खेळाडूंनी मांडला. बेल्जियम व नेदरलँड्स या देशांत अशा सोडतवजा विक्रीविरुद्ध नियम कडक असल्याने तेथे हा खेळ आणलाच गेला नाही. दुसरीकडे, बाजार-विश्लेषकांच्या अंदाजानुसार पहिल्या दोन आठवड्यांत त्याने सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर मिळवले. नाराजी आणि कमाई एकाच वेळी शिगेला पोहोचली, हे या प्रकरणाचे खरे वैशिष्ट्य.

मूळ मालिकेला फाटा फुटला की खेळाडू रागावतातच, असेही नाही. ‘माइनक्राफ्ट’ या लोकप्रिय खेळाला मे २०२० मध्ये ‘माइनक्राफ्ट डंजन्स’ असा आयसोमेट्रिक फाटा फुटला. तो छोटा आणि सोपा आहे, अशी कुरकुर झाली. परंतु फसवणुकीचा आरोप झाला नाही. किंमत दारातच सांगितलेली होती आणि आतल्या शस्त्रांसाठी पुन्हा खिशात हात घालावा लागत नव्हता.

ज्यांचे मत नोंदले जात नाही

मेटाक्रिटिकवर गुण देणारा खेळाडू इंग्रजीत लिहितो. मेहकर किंवा देऊळगाव राजा येथील मुलगा तसे काही लिहीत नाही. खेळ नकोसा झाला किंवा फोनमधील जागा संपली, की तो खेळ काढून टाकतो. त्याची प्रतिक्रिया एवढीच. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर केंद्राने बंदी घातली, तेव्हाही त्याचे मत कोणी विचारले नव्हते. शिवाय अनेक घरांत फोन एकच असतो आणि त्याच फोनवर वडिलांचे यूपीआय असते. दहा-वीस रुपयांची खरेदी तेथे सहज खपून जाते. एक लाख डॉलरची गोष्ट त्याच्यासाठी परीकथा असली, तरी या लहान रकमांची बेरीज घराला जाणवणारी असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घातली. त्याचे स्वागतच व्हायला हवे. परंतु या कायद्याचा रोख आहे तो धनलाभाच्या अपेक्षेवर. रत्नाच्या आशेने मुद्रा विकत घेणाऱ्याला पैसे परत मिळण्याची अपेक्षाच नसते. त्यामुळे ही विक्री त्या व्याख्येत सहजी बसत नाही. बेल्जियमने ज्या वाटेवर कुंपण घातले, ती वाट आपल्याकडे मोकळीच आहे.

याला पर्याय नाही, असे मात्र नव्हे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. दुर्गेच्या कृपेने भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथाही बव्हंशी अशाच तिरक्या, उंचावरच्या कोनातून दिसते. त्यातील राजस्थानी वास्तू आणि चित्रशैली यांचे जगभर कौतुक झाले, ‘द गेम अवॉर्ड्‌स’मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळाले. लढाई तोकडी आहे, शेवट अर्धवट वाटतो, अशी टीकाही खेळाडूंनी स्पष्टपणे केली. ती टीका कलाकृतीवरची होती, गल्ल्यावरची नव्हती. निर्मात्याला अशा टीकेतून शिकता येते.

खुद्द बुलडाणा जिल्ह्यात लोणारच्या विवरात दडलेल्या लवणासुराची आणि त्याचा वध करणाऱ्या विष्णूची कथा सांगितली जाते. दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिर आजही तेथे उभे आहे. भुयारातल्या राक्षसाशी झुंजणाऱ्या खेळाला याहून चांगली भूमी कोणती? उद्या कोणी त्यावर खेळ केला, तर तो खेळला जाईल फोनवरच. तो दाखल होण्याआधी त्याची पूर्ण किंमत काय, हे खेळणाऱ्याला आणि त्याच्या वडिलांना दारातच कळावे, एवढी तरतूद आता कायद्यात व्हायला हवी.