हलगीचीही नोंद करा

सिनेमातली पोस्टरं, कपडे, खोटे दागिने, सेटचे आराखडे जपले पाहिजेत, याबद्दल आमचं दुमत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला आग लागली आणि कित्येक गाजलेल्या सिनेमांचे कपडे, दागिने राख झाले. पुढे जागाही बिल्डरला विकली गेली. इतिहास खासगी कपाटात ठेवला की हे असंच होणार. म्हणून पेडर रोडवर २०१९ साली उघडलेलं सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय हवंच. आमचं भांडण वेगळं आहे. जपण्यासारखं काय, हे ठरवतो कोण?

'फँड्री' आठवा. जब्याचं कुटुंब मेलेलं डुक्कर खांद्यावरून नेतं आणि मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई, गाडगेबाबा रंगवलेले असतात. त्या दृश्यात कुणाला काही बोलावं लागत नाही, भिंतच बोलते. जब्याची हलगीही तशीच. राजाराणीच्या पत्र्याच्या मुकुटाला काचेची पेटी शोभते, तर हलगीला का शोभू नये?

कुणी म्हणेल, वस्तूंना कसली आलीय जात? त्यांनी पी. के. रोझीचं नाव ऐकावं. मल्याळी सिनेमाची ही पहिली नायिका दलित होती. तिनं पडद्यावर नायर बाईची भूमिका केली म्हणून जातवाद्यांनी तिला गावातून पळवून लावलं. त्या सिनेमाची प्रतही आज उरलेली नाही. जे जपलं जात नाही, ते घडलंच नव्हतं असं सांगायला मनुवादी मोकळे होतात.

आणि जपलं तरी कुणाच्या नावानं? कोल्हापूरचे बाबुराव पेंटर कारागिराच्या घरातले. पडदे रंगवता रंगवता ते सिनेमात आले, स्वतःची कंपनी काढली, म्हणून नाव राहिलं. जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'च्या कलादिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणून नितीन देसाईंचं नाव राहिलं. पण त्या सेटवर रंधा मारणारा, चपला शिवणारा, भिंती रंगवणारा? संग्रहालयाच्या नोंदवहीत 'कुणी वापरली' याबरोबर 'कुणी बनवली' हा रकाना हवा. जात लिहा असं आम्ही म्हणत नाही (ती तर न लिहिताच विचारली जाते). नाव, गाव आणि कसब लिहा.

ओरडून काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी एक दाखला. लॉस एंजेलिसचं अकादमी म्युझियम २०२१ मध्ये उघडलं, तेव्हा हॉलिवूड उभारणाऱ्या ज्यू निर्मात्यांनाच त्यात जागा नव्हती. लोकांनी झोडपलं. २०२४ मध्ये त्यांच्यावर कायमचं दालन निघालं.

आपली कितीतरी पोरं आज कला विभागात, कपडेपटात राबतात. साथींनो, शूटिंग संपल्यावर सेट भंगारात जाण्याआधी त्याचे फोटो काढा, स्टोरीबोर्डची प्रत मागून घ्या, वस्तू बनवणाऱ्याचं नाव मागे लिहून ठेवा. मग निर्मात्याला सोबत घेऊन संग्रहालयाला लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घेतल्याशिवाय हलू नका.

जय भीम.