बंदुकीचा बार आणि कान

परवा एक निवृत्त गुरुजी बी.पी. तपासायला आले होते. हाताचा पट्टा सोडत होतो तेवढ्यात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मुलानं टेक्सासात घराच्या रक्षणासाठी बारा बोअरची बंदूक घेतलीय. आता तिला सायलेन्सर लावणार म्हणतो. कानाला बरं असतं म्हणे. खरं का?"

कानापुरते खरे आहे. बारा बोअरचा बार साधारण १५० ते १६५ डेसिबलचा. १४० च्या पुढचा एकच धमाका कान कायमचा अधू करू शकतो, त्यात बंद खोली. पडदा फाटला तर बहुधा भरून येतो. आतल्या शंखातील केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. रानडुकरे हाकायला वर्षानुवर्षे बार काढणारे एक शेतकरी माझे पेशंट आहेत. त्यांचा डावा कान जास्त गेला आहे, कारण दस्ता उजव्या खांद्याला टेकवला की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो. रात्री कानात रातकिडे ओरडतात म्हणतात. त्यावर माझ्याकडे गोळी नाही.

सायलेन्सर हा आवाज २०-३० डेसिबलने उतरवतो. सिनेमातल्यासारखे 'फुस्स' मुळीच होत नाही. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने त्यावर २०० डॉलर कर होता. १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य झाला, नोंदणी मात्र राहिली. म्हणून ही टूम. शिवाय नळीला पुढे फूटभर लांबी वाढते, ती अंधारात दारातून वळवायची!

मी विचारले, "गुरुजी, नातू केवढा?"

"चौदाचा."

"आणि बंदूक?"

"कपाटावर. भरलेलीच असते, वेळेला हाताशी हवी ना."

माझी काळजी इथे सुरू झाली. अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. दहावीच्या निकालानंतर शेतीचे विषारी औषध घेतलेली मुले मी दवाखान्यात पाहिली आहेत. त्यांतली काही वाचली, कारण विषाला वेळ लागतो आणि तेवढ्यात कोणीतरी उचलून आणते. बंदूक तेवढा वेळ देत नाही.

औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून दिले: बंदूक रिकामी करून कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, किल्ली बापाच्या कमरेला. सरावाला जाताना कानावर इअरमफ. सायलेन्सर घ्यायचा तर हे झाल्यावर घ्या.

बी.पी. १६० भरले होते. गोळी वाढवली नाही. मुलाला फोन करा आणि चार दिवसांनी पुन्हा या, म्हटले.