न उघडलेल्या पेढीचा हिशेब

बहुतेक व्यापारी घरांत एक पेढी अशी असते, जिची पाटी कधी लागलीच नाही. ‘त्या वेळी वडिलांनी पुण्याला शिकायला पाठवले असते तर’, ‘ती नोकरी धरली असती तर’, ‘वाटणीत कापडाचे दुकान घेतले असते तर’, अशा वाक्यांनी तिचा रोजमेळ लिहिला जातो. गिऱ्हाइकी मंदावलेल्या दुपारी, लग्नकार्यात शाळासोबती भेटल्यावर, किंवा शेजाऱ्याच्या मुलाने परदेशात घर घेतल्याची वार्ता आल्यावर हा रोजमेळ हमखास उघडतो. साठी ओलांडलेल्या गृहस्थाजवळ तो चांगलाच जाड झालेला असतो.

या वहीत एक दोष आहे आणि तो व्यापाऱ्याच्या ध्यानात सर्वांआधी यायला हवा. तिला केवळ जमेची बाजू आहे. न उघडलेल्या दुकानाला भाडे नसते, नोकरांचे पगार नसतात, त्याची उधारी बुडत नाही आणि भागीदारही फिरत नाही. न घेतलेल्या नोकरीत बदली होत नाही, साहेबाची बोलणी खावी लागत नाहीत. चालू दुकानाचा ताळेबंद मात्र जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंनी मांडलेला असतो. एका बाजूच्या वहीशी दोन बाजूंच्या वहीची तुलना केली, तर चालू दुकान सदैव तोट्यातच दिसणार.

बँकांना या बाबतीत शिस्त लागली ती 1991 च्या नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्याज किंवा हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की ते कर्ज अनुत्पादक ठरते आणि त्यावरचे व्याज प्रत्यक्ष हाती येईपर्यंत उत्पन्नात धरता येत नाही. आकारलेले पण न आलेले व्याज नफा म्हणून दाखवणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक, हा त्यामागचा साधा विचार. माणसे मात्र चाळीस-चाळीस वर्षे अशा थकीत खात्यावर व्याज आकारत राहतात. अठराव्या वर्षी हुकलेल्या प्रवेशाची किंमत साठाव्या वर्षी कित्येक पटींनी वाढलेली असते.

जळगावचे भवरलाल जैन (1937–2016) यांचे उदाहरण समाजात पुष्कळदा सांगितले जाते. वाकोदच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या, वाणिज्य आणि कायद्याचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाने चालून आलेली सरकारी अधिकाऱ्याची नोकरी नाकारली, आईचा सल्ला मानला आणि 1963 मध्ये घरच्या 7,000 रुपयांच्या पुंजीवर रॉकेलविक्री सुरू केली. पुढे ठिबक सिंचनाच्या क्षेत्रात त्यांनी केलेले काम सर्वश्रुत आहे. ही कथा प्रेरक खरीच; तथापि तिचा एक अर्थ सहसा निसटतो. अशीच नोकरी नाकारून दुकानात बसलेले आणि ते दुकान आयुष्यभर जेमतेम चालवलेले लोकही गावोगावी आहेत. त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. निर्णयाच्या दिवशी पुढचे कोणालाच दिसत नसते. त्या दिवशी जे ठाऊक होते त्यावर विचारपूर्वक केलेली निवड, नंतरचे फळ लहान आले म्हणून चुकीची ठरत नाही.

जैन आचारात झालेल्या दोषासाठी स्पष्ट व्यवस्था आहे. प्रतिक्रमण म्हणजे परत फिरणे. दिवसाचे, रात्रीचे, पंधरवड्याचे, चार महिन्यांचे आणि वर्षाचे अशी त्याची पायरी आहे. दोष आठवावा, तो कबूल करावा, क्षमा मागावी आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करावा, असा तो क्रम. खाते उघडायचे ते मिटवण्यासाठीच. जे हुकले त्याच्यासाठी झुरत राहण्याला मात्र निराळे नाव आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत: अनिष्टसंयोग, इष्टवियोग, वेदना आणि निदान. हवी असलेली वस्तू दुरावली, आता ती कशी मिळेल, याच चिंतेत चित्त गुंतून राहणे हा इष्टवियोग. साठीतल्या हळहळीचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही. पश्चात्ताप माणसाला पुढे नेतो. हळहळ त्याला एकाच उंबरठ्यावर बसवून ठेवते.

मग जी वाट घेतली नाही, तिचे करायचे काय? याचे उत्तर ग्रंथांइतकेच घरच्या स्वयंपाकघरातही सापडते. नाकारलेल्या गोष्टींवाचून जगण्याचा जितका अनुभव जैन स्वयंपाकघराला आहे, तितका क्वचितच कोणाला असेल. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा वर्ज्य. ओल्या आल्याच्या जागी सुंठ, बटाट्याच्या जागी कच्चे केळे, फोडणीत हिंग. आठम-चौदसला हिरवी भाजी नाही, म्हणून गट्टे, मुगवड्या, पापडाची भाजी, दाल-ढोकळी. कच्च्या ताकात बेसन कालवले तर द्विदलाचा दोष, म्हणून कढीचे ताक आधी तापवायचे आणि मगच त्यात बेसन लावायचे. श्वेतांबर परंपरेत खाखरे आणि कोरड्या मिठाईला हिवाळ्यात 30, उन्हाळ्यात 20 आणि पावसाळ्यात 15 दिवसांची मर्यादा. दिगंबर घरांत पिठाची मर्यादा हिवाळ्यात 7, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात 3 दिवसांची. आणि हे सारे सूर्यास्ताच्या आत.

इतकी बंधने असलेल्या ताटासमोर बसून बटाट्यासाठी उसासे टाकणारा माणूस विरळाच. कच्च्या केळ्याची भाजी केळ्याची म्हणून चांगली लागते. बटाट्याची आठवण काढत खाल्ली तर ती बेचवच लागेल. याचे कारण पच्चक्खाणात आहे. पच्चक्खाण माणूस स्वतः घेतो, समजून घेतो. जे स्वतः सोडले त्याची टोचणी राहत नाही. जे हातातून सुटले त्याची राहते. म्हणून हुकलेली वाट एकदा जाणीवपूर्वक सोडावी लागते. ‘ती पेढी माझी नव्हती, तिचे व्याज आजपासून आकारणार नाही’, असे मनाशी ठरवणे हेही एक पच्चक्खाणच होय.

घरच्या अन्नाची गोडी ही जिभेच्या लालसेहून वेगळी आहे, हेही येथे नमूद करायला हवे. सहा बाह्य तपांपैकी अनशन, ऊणोदरी, वृत्तिसंक्षेप आणि रसपरित्याग ही चार तपे थेट आहाराशी निगडित आहेत. तेव्हा रसनेवर संयम हवाच. परंतु श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे व्रत अतिथिसंविभागाचे आहे. साधू-साध्वींना त्यांच्यासाठी मुद्दाम शिजवलेले अन्न कल्पत नाही. गृहस्थाने स्वतःच्या कुटुंबासाठी केलेल्यातलाच थोडा भाग त्यांना घेता येतो. म्हणजे ज्या घरी रोज स्वतःसाठी चूल पेटते, त्याच घराला गोचरीचा लाभ. बाहेरून डबे मागवणाऱ्या घरात पैसा पुष्कळ असेल, पण पात्रात वाढण्यासारखे काही नसते.

इथवर सर्व ठीक. परंतु ही चूल पेटती ठेवते कोण, हा प्रश्न उरतोच; आणि न घेतलेल्या वाटांचा सर्वांत मोठा साठा त्याच खोलीत आहे. पुरुषाच्या पेढीची कथा पाहुण्यांसमोर सांगितली जाते. स्वयंपाकघरातली कथा बहुधा सांगितलीच जात नाही.

भुसार बाजारातील एका घराची गोष्ट घ्यावी. घरातील बाई रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी लग्न ठरले, ‘पुढचे वर्ष सासरी राहून पूर्ण करता येईल’ असे बोलणे झाले, आणि सासरी दिर-नणंदांची लग्ने, सासऱ्यांचे आजारपण, मुलांच्या शाळा यांत ते वर्ष कधी उगवलेच नाही. त्यांच्या हाताला चव अशी, की पर्युषणाच्या पारण्याला नातलग त्यांच्याच घराची वाट धरत. पापडखार जास्त झाला तर पापड लाल का पडतो, चक्क्यातले पाणी पूर्ण निथळले नाही तर श्रीखंड का सुटते, हे त्या कारणासह सांगत. सारे कौतुक करीत, आणि त्या कौतुकातच सर्वांनी हिशेब पूर्ण झाला असे मानले.

एका संवत्सरीच्या सायंकाळी प्रतिक्रमणाहून परतलेल्या यजमानांनी नेहमीप्रमाणे मोबाइल हाती घेतला. गाव, बाजार, सोयरे मिळून चारशेहून अधिक लोकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवून झाले होते. मोबाइल बाजूला ठेवून ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. दुसऱ्या दिवशीच्या पारण्याची तयारी नियमाप्रमाणे दिवसाच आटोपली होती. बाई डबे लावीत होत्या.

“तुझं शिक्षण या घरासाठी थांबलं. मी शब्द दिला होता, पाळला नाही. त्याबद्दल मिच्छामि दुक्कडम्.”

बाई काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुम्ही हे बोललात, बरं वाटलं. पण आता मला त्या परीक्षेला बसायचं नाही. सूनबाईची सी.ए.ची परीक्षा आहे. तिचा अभ्यास संपेपर्यंत संध्याकाळचं ताट तुम्ही बघा.”

यजमान पाचला दुकानातून घरी येऊ लागले. पहिल्या आठवड्यात कढी फुटली, कारण ढवळता ढवळता दलालाचा फोन घेतला. फुलके नकाशासारखे झाले. सूर्यास्ताच्या आत चार माणसांचे गरम ताट वाढणे म्हणजे काय, हे त्यांना दुकानात चाळीस वर्षे बसून कळले नव्हते. तीन महिन्यांत कळले. आणखी एक गोष्ट घडली. इंजिनिअरिंगला न जाता गादीवर बसावे लागले, ही त्यांची जुनी तक्रार जेवताना निघेनाशी झाली. मुगाची खिचडी बिघडली की दुसऱ्या दिवशी सुधारता येते, आणि सुधारलेली खिचडी समोरचा माणूस पुन्हा मागून घेतो. 1978 सालात काहीच सुधारता येत नाही.

या घरात जे घडले ते क्षमापनेच्या मूळ अर्थाला धरून आहे. स्वतःच्या निवडीची हळहळ ज्याची त्याने सोडायची. परंतु ज्याची वाट दुसऱ्यांनी बंद केली, त्याला ‘सोडून दे’ असे सांगण्याचा अधिकार त्या दुसऱ्यांना नाही. त्यांच्याकडे ते देणे आहे, आणि देणे निर्लेखित करण्याचा हक्क धनकोचा असतो, ऋणकोचा नसतो. ‘तिला स्वयंपाकाची हौसच आहे’ हे वाक्य पुष्कळ घरांत कर्ज बुडवण्यासाठी वापरले जाते. हौस खरी असू शकते आणि थकबाकीही खरी असू शकते.

स्वयंपाकाची हौस हीच ज्यांची वाट झाली, अशीही उदाहरणे आहेत. 15 मार्च 1959 रोजी मुंबईच्या गिरगावात सात गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. पुण्यात जन्मलेल्या तरला दलाल यांनी 1966 मध्ये मुंबईतील आपल्या घरीच पाककलेचे वर्ग सुरू केले, 1974 मध्ये त्यांचे पहिले पुस्तक आले आणि 2007 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु प्रत्येक गृहिणीने उद्योजिका व्हावे, असा याचा अर्थ काढू नये; ती नवी सक्ती होईल. अर्थ एवढाच की स्वयंपाकघर ही कोंडी ठरते की वाट, हे त्या खोलीवर अवलंबून नसते. तिथे उभ्या असलेल्या व्यक्तीला निवड होती की नाही, यावर ते ठरते.

शेवटची नोंद पुढच्या पिढीची. न मिटवलेले खाते वारसाने उतरते. ज्या वडिलांना शिकायला मिळाले नाही ते मुलाला त्याच अभ्यासक्रमाला घालतात. ज्या आईला नोकरी करता आली नाही ती मुलीने नोकरी सोडली की आजारी पडते. मूल मग आई-वडिलांच्या न उघडलेल्या पेढीवर मुनीम म्हणून बसते आणि वीस वर्षांनी स्वतःची नवी वही उघडते. हे थांबवायचे असेल तर मुलांना दोन गोष्टी द्याव्यात: निवडीचा अधिकार आणि स्वयंपाकाची माहिती. मुलगा असो वा मुलगी, शिक्षणासाठी परगावी निघण्यापूर्वी वरण, भात, फुलका आणि कढी एवढे तरी आलेच पाहिजे. परक्या शहरात चौविहार पाळणे त्याशिवाय कठीण आणि घराची आठवण सोसणेही कठीण.

येत्या संवत्सरीला मोबाइलवरची यादी लांबलचक असेलच. तिच्या आधी घरातल्या घरात एक छोटी यादी करून पाहावी: कोणाचे काय या घरासाठी थांबले? त्या नावांना संदेश पाठवू नये. समोर जाऊन बोलावे, आणि उत्तरादाखल त्यांनी काही काम सांगितले तर ते करावे.