चांदीच्या नावाने

'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण मी शाळेतल्या निबंधांत कितीदा तरी लिहिली. तिचा अर्थ मात्र मला 2025 च्या जूनमध्ये, तळोद्याला एका सोनाराच्या दुकानात कळला.

2024 च्या दिवाळीत मी मोबाईलवरून आईसाठी पायातल्या साखळ्या मागविल्या. वजन शंभर ग्रॅम, किंमत अकराशे रुपये, आणि वर 'सिल्व्हर' हा शब्द ठळक. सुटीत मजुरी करून साठविलेले पैसे होते. आईने साखळ्या हातात घेऊन पाहिल्या आणि पेटीत ठेवल्या. आमच्याकडे चांदी ही केवळ हौस नव्हे. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांत कडी, साखळ्या, सरी ही बाईची स्वतःची ठेव असते. होळीला ती अंगावर मिरवते आणि पेरणीच्या तोंडावर हात आखडला की गहाण पडते.

त्या जूनमध्ये बियाण्याला पैसे हवे होते. सोनाराने साखळीची एक कडी कानशीने घासली. पांढऱ्या मुलाम्याखाली तांबूस धातू दिसला. "यात चांदी नाही, पोरा," एवढेच तो म्हणाला. आई काही बोलली नाही. तिच्या आईने दिलेले हातातले कडे तिने उतरवून तराजूत ठेवले.

दोष कुणाचा? विकणाऱ्याचा तर आहेच. पण त्या वेळी चांदी ग्रॅमला नव्वद रुपयांहून महाग होती. म्हणजे शंभर ग्रॅमची नुसती चांदीच नऊ हजारांवर जाते. हा तिसरीतला गुणाकार मी, कॉलेजात शिकणारा मुलगा, केला नाही. त्याच पानावर खाली बारीक इंग्रजीत 'प्लेटेड' असेही लिहिले होते. तेही मी वाचले नाही.

काही मित्र म्हणतात, "खोटे असेना, दिसायला तर छान आहे!" खोट्या दागिन्यांना माझा विरोध नाही. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबे, जस्त आणि निकेल असते, चांदी मुळीच नसते. हे सांगून कुणी ते विकले तर ज्याला हवे त्याने हौसेने घ्यावे. चांदीच्या नावाने मुलामा विकणे ही मात्र फसवणूकच होय. त्यावर '925' असा आकडा ठोकलेला असला, तरी तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. हजार भागांत 925 भाग चांदी, असा त्याचा अर्थ. पण तो आकडा कुणीही ठोकू शकतो. 1 सप्टेंबर 2025 पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवर सहा अक्षरअंकांची खूण येऊ लागली आणि ती बीआयएस केअर ॲपवर तपासता येते. पण सोन्याप्रमाणे तिची सक्ती केली नाही, ती ऐच्छिकच ठेवली. माझ्या मते सक्तीची खरी गरज चांदीलाच होती. कारण गरिबाची ठेव चांदीतच असते.

परतीची मुदत केव्हाच टळली होती. तरी मी 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदविली. मोबाईलमधली ऑर्डर जपून होती, म्हणून ते जमले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. माझे पैसे अजून आलेले नाहीत. पण मी गप्प बसलो नाही, एवढे समाधान आहे.

1972 च्या सुमारास याच शहादे-तळोदे भागात अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींसाठी लढा उभारला. वाचता न येणाऱ्या कागदांवर अंगठे उठवून कितीतरी जमिनी गेल्या होत्या. आमच्या आजोबांना अक्षर येत नव्हते, म्हणून ते फसले. मला अक्षर येत होते, तरी मी न वाचता अंगठा टेकविला; शाईत नव्हे, मोबाईलच्या काचेवर.

मित्रहो, पुढच्या वेळी घरच्यांसाठी काही मागविताना तो अंगठा क्षणभर आवरा. आधी वाचा, गुणाकार करा आणि बिल मागा. आईचे कडे अजून सुटायचे आहे.

(द्वितीय वर्ष, कला)